उणे दहा

आधी कूलर बंद करायचा.
मे महिन्यात, मेयोच्या या खोलीत, तेच सगळ्यात अवघड.
गवताच्या ताट्या थोडा वेळ टपकत राहतात,
मग त्याही गप्प.
मग पेटीचं जाड दार मी ओढून घेते
आणि काचेपलीकडे
डोमाजी धकाते, वय अडुसष्ट, राहणार तांडापेठ,
हातात बटन धरून बसतात
साहेबापुढे टोपी धरून बसावं तसे.

"ऐकू तं येते जी मॅडम," आत जाताना म्हणाले होते,
"समजत नाई."
एवढ्यानं माझा अर्धा कागद भरला.

मी सूर सोडते. जाड, घुमता: दिवा लागतो.
त्याहून चढा: लागतो.
चार हजारांवर मात्र मी वाढवत जाते,
चाळीस, पन्नास, साठ,
दिवा मख्ख.
आणि मग मी काहीच वाजवत नसताना
लागतो. लागलेलाच राहतो.
"हे काय वाजलं, बाबा?"
"माग."
माग भंगारात गेला त्याला नऊ वर्षं झाली.

नंतर भिंतीवरचं चित्र.
पडदा. त्याला चिकटलेली हातोडी,
हातोडीला ऐरण, ऐरणीला रिकीब,
तांदळाच्या कणीएवढं हाड, खिडकीवर टेकलेलं.
खिडकीआड पाणी. पाण्यात गुंडाळलेला शंख.
शंखात ओळीनं उभे बारीक केस,
आवाजाच्या लाटेत डुलणारे.
"फणी," ते म्हणतात, आणि पहिल्यांदाच
खुर्चीतून पुढे सरकतात.
"किती घरं?"
पंधरा-सोळा हजार.
"तुटलं तं सांधता येते?"
नाही.
हे त्यांना पटत नाही. तागा सांधता येत नाही
असा कुठला माग?

मी सांगते, चढे, बारीक आवाज दाराशीच उतरतात,
जाड आवाज खोल, शेवटच्या वळणावर.
पण खोल जाणाराही
दारावरूनच जातो, रोज, चाळीस वर्षं.
"म्हंजे काठ गेला," ते म्हणतात.
"लुगड्याचा बी खालचाच काठ आधी विरते. येन्याजान्यानं."
दरवर्षी नव्या पोरांना मी हे शिकवते.
असं एकदाही सांगता आलं नाही.

काठ म्हणजे स. श. फ. थ.
अंग शाबूत: आ, ई, ओ.
घरात कोणी "शेफाली" अशी हाक मारली
की त्यांच्यापर्यंत "आली" एवढंच पोचतं
आणि ते दाराकडे बघतात.

आलेखावरच्या सगळ्यात वरच्या रेघांवर बोट ठेवून विचारतात,
"हे शून्य म्हंजे काईच नाई?"
तसं नव्हे. तिथे शांतता नसते.
पुष्कळ तरुण कान तपासून कोणीतरी ठरवलेली ती खूण आहे.
"झिरो माइलच्या दगडावानी," ते म्हणतात,
"दगडापासी काई रस्ता संपत नाई."
नाही संपत.

"मी पन! मी पन!" नात केव्हाची टेबलाला लोंबकळतेय.
पुढचा पेशंट डबा खायला गेलाय.
मी तिला पेटीत बसवते. हेडफोन घसरून गालावर येतो,
मी पट्टी आवळते, दार ओढते.
दहा. दिवा.
पाच. दिवा.
शून्य. दिवा, जरा रागानंच, इतकं सोपं काय विचारता म्हणून.
मी आणखी खाली उतरते. उणे दहा,
माझे स्वतःचे कान मागे राहून
कितीतरी वर्षं झाली त्या गावात.
ती डोळे मिटते. जिभेचं टोक दातांत.
दिवा.

डोमाजी माझ्या खांद्याशी उभे. खोलीत
काहीच वाजत नाही.
प्रत्येक दिव्याला ते मान डोलावतात,
भजनात बसल्यासारखी.
"वाजलं," म्हणतात.
"हे बी वाजलं."

घाम त्यांच्या मानेवरून कॉलरमध्ये उतरतोय.
कूलर मी अजून लावत नाही.